तोलातली घट : कोळसा, बंदरे आणि अंगणातली काजळी

वास्को शहरात मुरगाव बंदराच्या अंगाला सडा, जेटी, बायणा, खारेवाडा अशा वस्त्या आहेत. तिथल्या घरांत हवेची एक चाचणी रोज होते. तिला यंत्र लागत नाही. खिडकीच्या कठड्यावरून ओले फडके एकदा फिरवायचे आणि उलटून पाहायचे. फडक्यावर काळा पट्टा उमटला की काल दुपारी वारा बंदराकडून होता, हे घरच्या बाईला कळते. ही काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसते, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसते आणि शेजारच्या क्रुसाच्या चौथऱ्यावरही तशीच बसते.

त्याच कोळशाची दुसरी मोजणी धक्क्यावर होते आणि ती फार काटेकोर असते. जहाज धक्क्याला लागले की त्याच्या अंगावर रंगवलेले पाणरेषेचे आकडे वाचतात. माल उतरल्यावर जहाज किती वर उठले हे पुन्हा वाचतात आणि त्यावरून किती टन कोळसा उतरला हे काढतात. या पद्धतीला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात. मग कोळसा रेल्वेच्या वाघिणींत पडतो, वाघिणी वजनकाट्यावरून जातात आणि घाटापलीकडच्या पोलाद कारखान्यात पोचल्यावर तिसऱ्यांदा तोलल्या जातात. या तीन मोजण्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. काही ओलावा उडून गेलेला असतो, काही काट्याकाट्यातला फरक असतो आणि काही कोळसा वाऱ्यावर गेलेला असतो. हिशेबाच्या वहीत या सगळ्याला एकच शब्द आहे : घट. घट ठरावीक मर्यादेत असली की दोन्ही बाजू सह्या करतात आणि हिशेब मिटतो.

या घटीतला जो वाटा धुळीचा, तो कुठे जातो, कोणाच्या अंगावर पडतो आणि तो मोजायची जबाबदारी कोणाची, हा या लेखाचा विषय आहे. कोळशाच्या व्यापाराचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. जहाजे, रेल्वे, गिरण्या, साम्राज्ये यांच्या प्रत्येक इतिहासात कोळसा आहे. बंदराजवळ राहणाऱ्यांच्या घरात पडलेल्या धुळीचा इतिहास मात्र विस्कळीत आहे. तो कधी डॉक्टरांच्या निबंधात सापडतो, कधी कायद्याच्या कलमात, कधी जनसुनावणीच्या इतिवृत्तात. हे तुकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. धूळ कमी करण्याचे ज्ञान आणि साधने बहुधा हाताशी होती. ती वापरली गेली ती कोळशाचे मोल वाचवायचे होते तेव्हा. माणसांच्या बाबतीत आधी पुरावा मागितला गेला, आणि तो पुरावा माणसांनाच आपल्या शरीराने द्यावा लागला.

मुंबईची आगबोट आणि एडनचा ढीग

हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर कोळसा समुद्रमार्गे येऊ लागला तो मुख्यतः वाफेच्या जहाजांसाठी. २० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही मुंबईतच बांधलेली आगबोट सुएझला जायला निघाली. मुंबई ते सुएझ असा वाफेवर झालेला हा पहिला प्रवास. बोटीत साधारण साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय होती आणि एडनपर्यंत लागणार होते अकरा दिवस. म्हणून माणसांसाठी केलेल्या खोल्यांतही कोळसा भरण्यात आला. एडनला पोचली तेव्हा बोटीत जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. पुढच्या प्रवासासाठीचा कोळसा आधीच शिडाच्या जहाजांनी वाटेवरच्या बंदरांत नेऊन ठेवला होता.

या एका प्रवासाने पुढच्या शतकाची गरज स्पष्ट केली. आगबोटींना वाटेवर कोळशाचे ढीग हवेत, आणि ढीग हवेत म्हणजे बंदरे हवीत. जानेवारी १८३९ मध्ये कंपनी सरकारने एडन जिंकले त्यामागे इतर कारणे होतीच, पण कोळशाचा तळ हे एक मोठे कारण होते. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. तिथे साठवलेला कोळसा बराचसा वेल्समधून येई. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होईपर्यंत तो आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांतून आणावा लागे.

एडन, पोर्ट सैद, मुंबई, कोलंबो अशा बंदरांत जहाजावर कोळसा चढवणे हे बरीच वर्षे माणसांच्या हातांनी आणि डोक्यांनी होई. फळ्यांवरून मजुरांची रांग टोपल्या घेऊन वर जाई, टोपली रिकामी करी आणि दुसऱ्या फळीवरून खाली येई. त्या वेळी उठणाऱ्या धुळीमुळे खोल्यांच्या खिडक्या घट्ट लावून घेत, कापडे टाकून सामान झाकत आणि प्रवासी शक्यतो किनाऱ्यावर हिंडायला जात. कोळशाची धूळ अंगावर घेऊ नये, हे त्या काळच्या प्रवाशाला कोणी शिकवावे लागत नव्हते. फरक इतकाच की प्रवाशाला चार तासांसाठी दुसरीकडे जाता येई.

जहाजाच्या पोटातही हेच होते. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला 'आगवाला' आणि कोठारातून भट्टीपर्यंत कोळसा आणून देणाऱ्याला 'कोयलावाला' म्हणत. मुंबईत भरती होणाऱ्या खलाशांत कामाची वाटणी प्रांतवार होती. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे लोक असत, स्वयंपाकघर आणि जेवणघर यांत गोवेकर, तर इंजिनाच्या खोलीत बहुतेक पंजाब आणि सरहद्द भागातले, काही काळ आफ्रिकी वंशाचे सिद्दीही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पुष्कळ घरांत बोटीवरची नोकरी म्हणून जी आठवण सांगितली जाते, तिच्या खालच्या मजल्यावर हे कोयलावाले होते.

फुटलेला कोळसा आणि ट्रिमरांची छाती

या सगळ्या कोळशाचे उगमस्थान होते दक्षिण वेल्स. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, १९१३ मध्ये, ब्रिटनने सुमारे ७ कोटी ३० लाख टन कोळसा निर्यात केला. त्यातला १ कोटी १० लाख टनांहून अधिक कोळसा एकट्या बॅरी बंदरातून गेला. हे बंदर १८८९ मध्ये सुरू झाले होते. शेजारचे कार्डिफ त्याच्या थोडेच मागे होते.

धक्क्यावर कोळसा भरण्याची पद्धत अशी. भरलेली वाघीण पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने वर उचलायची, तिरकी करायची आणि कोळसा पन्हळीतून जहाजाच्या पोटात सोडायचा. उंचावरून पडताना ढेकळे फुटत, चुरा होई आणि काळा लोट उठे. व्यापाऱ्याला लोटाची काळजी नव्हती, चुऱ्याची होती. वेल्सचा कोळसा मोठ्या ढेकळांसाठी नावाजलेला होता आणि चुऱ्याला भाव कमी मिळे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्डिफमध्ये विल्यम टॉमस लुइस आणि चार्ल्स हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी एक यारी आली. तिची पेटी कोळशासकट जहाजाच्या तळापर्यंत खाली नेत आणि तिथेच तळाशी उघडत. पडण्याची उंची कमी, म्हणून फूट कमी, म्हणून धूळही कमी. आज बंदरांतल्या धुळीवर जे उपाय सुचवले जातात त्यांतला पहिला हाच असतो : कोळसा उंचावरून टाकू नका. तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी यंत्रात उतरला होता. मात्र तो उतरला भावात पडणारी तूट वाचवण्यासाठी.

जहाजात पडलेला कोळसा हॅचच्या खाली शंकूसारखा साचतो. तसाच ठेवला तर जहाजाचा समतोल बिघडतो. तो फावड्याने कडेला सारून सपाट करणाऱ्या मजुरांना ट्रिमर म्हणत. वरून कोळसा पडत असताना, बंद अंधाऱ्या जागेत, दिव्याच्या उजेडात हे काम चाले. मोबदला टनावर मिळे, त्यामुळे धूळ खाली बसेपर्यंत थांबणे परवडत नसे. कार्डिफ, पेनार्थ आणि बॅरी या तीन बंदरांतल्या ट्रिमरांनी १८८८ मध्ये आपली संघटना उभारली.

वैद्यकाच्या इतिहासात या ट्रिमरांना जी जागा आहे ती त्यांना हवी होती असे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ब्रिटनमधले प्रभावी मत असे होते की खाणकामगाराच्या फुप्फुसाला खरा अपाय होतो तो दगडाच्या धुळीने, म्हणजे तिच्यातल्या सिलिकाने. निव्वळ कोळशाची धूळ फारशी वाईट नाही, असे जे. एस. हाल्डेन यांच्यासारखे नामांकित शास्त्रज्ञ मांडत होते. भरपाईचे नियमही 'सिलिकोसिस' या शब्दाभोवती बांधलेले होते. दम लागून घरी बसलेल्या कामगाराला आपण सिलिका असलेल्या दगडात काम केले हे दाखवावे लागे. नुसता कोळसा खणला असेल, तर त्याचा दम हा वयाचा, हवेचा किंवा तंबाखूचा ठरे.

हा वाद खाणीत सुटणे कठीण होते, कारण खाणीत दगड आणि कोळसा दोन्हींची धूळ एकत्र असते. तो सुटला बंदरात. ट्रिमर कधी दगड फोडत नव्हता. त्याच्यापुढे येई तो वर काढलेला, निवडलेला, विकायला तयार असा कोळसा. त्याची छाती खराब झाली तर दोष दगडाला देता येत नव्हता. कार्डिफच्या वैद्यक महाविद्यालयातले प्राध्यापक एडगर कॉलिस आणि त्यांचे सहकारी गिलख्रिस्ट यांनी १९२८ मध्ये ट्रिमरांवरच्या धुळीच्या परिणामांविषयी निबंध लिहिला. १९४० मध्ये कार्डिफचेच विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांनी मरण पावलेल्या ट्रिमरांची फुप्फुसे तपासून दाखवले की खाणकामगारांत जो आजार आढळतो तोच यांच्यातही आहे. काही वर्षांतच चित्र पालटले. १९४३ मध्ये कोळसा उद्योगासाठी भरपाईची व्याख्या रुंदावली आणि सिलिकोसिसच्या जागी न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हा व्यापक शब्द आला. १९४५ मध्ये कार्डिफजवळच्या लॅनडॉक रुग्णालयात या आजाराच्या संशोधनासाठी वेगळे केंद्र निघाले.

म्हणजे कोळशाची धूळ स्वतःच घातक आहे, हे जगाला कळण्यात बंदरातल्या मजुराच्या शवविच्छेदनाचा मोठा वाटा आहे. पण हे संशोधन धक्क्याच्या कुंपणाशी थांबले. ट्रिमर जिथे राहत त्या गल्ल्यांत तीच धूळ, अर्थात पुष्कळ कमी प्रमाणात, खिडक्यांवर बसत होती. कुंपणाबाहेरची माणसे कामगार नव्हती. त्यांना मालक नव्हता, भरपाईचा कायदा नव्हता आणि म्हणून त्यांच्या छातीचा क्ष-किरण काढायचे कोणाला कारणही नव्हते.

कायद्याला दिसलेला धूर

याच काळात मुंबईत काय चालले होते? शहरातली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगावावर धुराड्यांचे रान उभे राहिले. आरंभी विलायती कोळसा येई, मग बंगालचा येऊ लागला. रे रोडजवळ दारूखान्याच्या बाजूला 'कोळसा बंदर' हे नाव आजही टिकून आहे. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागेपर्यंत शहराचा दम कोळशावरच होता.

१९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला. कलकत्त्यात असाच कायदा १९०५ मध्ये झाला होता. या कायद्यांचे लक्ष होते भट्टी आणि धुराडे. धूर दुरून दिसतो, कोणत्या धुराड्यातून निघतो हे बोट दाखवून सांगता येते आणि त्याला मालक असतो. शिवाय काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे गिरणीमालकाचेच नुकसान, हा युक्तिवाद मालकालाही पटवता येई. धक्क्यावरचा ढीग या नजरेत बसत नव्हता. तो काही जाळत नव्हता, त्याला धुराडे नव्हते, आणि त्याची धूळ वाऱ्याच्या लहरीप्रमाणे आज इकडे तर उद्या तिकडे जाई.

ब्रिटनमध्ये १९१२ मध्येच हवेच्या प्रदूषणाच्या तपासासाठी एक समिती नेमली गेली आणि दोन वर्षांत शहराशहरांत आकाशातून पडणारी घाण गोळा करणारी भांडी बसवण्यात आली. महिन्याच्या अखेरीस भांड्यातले पाणी गाळायचे आणि गाळ तोलायचा. साधी, स्वस्त आणि कोणालाही समजेल अशी ही पद्धत होती. खिडकीवरच्या फडक्याचेच हे वैज्ञानिक रूप म्हणता येईल. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

लाल धुळीनंतर काळी

जहाजे तेलावर चालू लागली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आगबोटींसाठीचे कोळशाचे तळ ओस पडले. एडनचे ढीग संपले, बॅरीच्या यंत्रांना काम उरले नाही. पण कोळसा समुद्रावरून गेला नाही. इंधनाऐवजी तो आता जहाजातला माल झाला, वीज आणि पोलादासाठी. आणि माल म्हणून तो कितीतरी मोठ्या प्रमाणात फिरू लागला. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलहून १७९९ मध्ये 'हंटर' नावाच्या जहाजातून कोळसा बंगालला आला होता. त्या खंडाच्या निर्यातीचा आरंभ म्हणून ती खेप सांगितली जाते. आज तेच न्यूकॅसल जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा-निर्यात बंदरांपैकी एक आहे, आणि ऑस्ट्रेलियाचा कोळसा पुन्हा आपल्याकडे येतो आहे.

मुरगावची कथा इथे सुरू होते. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यातून मुरगावचे आधुनिक बंदर आणि तिथून दूधसागरच्या घाटातून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे उभी राहिली. १८८८ पर्यंत गाडी घाटमाथ्यावर पोचली होती. मोठा व्यापार मात्र आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, लोहखनिजाचा. जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी गोव्याचे डोंगर खणले गेले. मांडवी आणि जुवारी नद्यांतून बार्जेस भरभरून बंदरावर येऊ लागल्या. गोवा मुक्त झाल्यावर मुरगाव हे देशातले एक प्रमुख बंदर झाले आणि १९७९ मध्ये तिथे खनिज भरण्याचे यांत्रिक संयंत्र चालू झाले. वास्कोकरांची पहिली ओळख झाली ती या लाल धुळीशी.

काळी धूळ आली नव्वदीनंतर. दक्षिणेकडच्या पोलाद कारखान्यांना, विशेषतः बळ्ळारी-होसपेट भागातल्या, कोकिंग कोळसा हवा होता. पोलाद करताना हा कोळसा भट्टीत कोक होऊन जातो आणि आपल्या देशात चांगल्या प्रतीचा कोकिंग कोळसा कमी आहे. तेव्हा आयातीची गरज खरी आहे, ती कोणाच्या लहरीची नाही. या कारखान्यांना सोयीचे बंदर मुरगाव. म्हणून जुन्याच लोहमार्गाने आता उलटा प्रवास सुरू झाला. पूर्वी डोंगरातून खनिज खाली येई, आता बंदरातून कोळसा वर जाऊ लागला. १९९९ च्या सुमारास खासगी टर्मिनलांचे करार होऊ लागले, पुढच्या पंधरा वर्षांत आणखी धक्के कोळशाकडे गेले. २०१२ मध्ये गोव्यातले खाणकाम बंद पडले, बार्जेस थांबल्या, लाल धूळ ओसरली आणि काळी अधिक उठून दिसू लागली. गोव्यात पोलादाची मोठी भट्टी नाही. हा कोळसा गोव्यातून फक्त जातो. इथे राहते ती घट.

ती कशी होते हे धक्क्यावर उभे राहिले की समजते. यारीचा जबडा जहाजातून कोळसा उचलतो आणि हवेत उघडतो. ढिगावर यंत्रे फिरतात, चाकांखाली चुरा आणखी बारीक होतो. वाघीण काठोकाठ भरली जाते. पाणी शिंपडले जाते, ताडपत्री पसरली जाते, काही ठिकाणी बंदिस्त साठवण झाली आहे. पण कोळसा हलवताना प्रत्येक टप्प्यावर एक उघडा क्षण राहतो. डिसेंबर ते मे या काळात दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि शहर त्याच्या वाटेत आहे. पुढे रुळालगतची गावे : दाबोळी, काणसावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे. तिथे बंदर नाही, तरी बंदराची धूळ गाडीबरोबर येते.

बंदराच्या विस्ताराच्या प्रस्तावांवर एप्रिल-मे २०१७ मध्ये वास्कोत जनसुनावणी झाली. ती एका दिवसात आटोपली नाही, दिवसामागून दिवस चालली. मच्छीमार, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त नोकरदार, गृहिणी बोलायला उभ्या राहिल्या. नंतर रुळालगतच्या गावांच्या ग्रामसभांत ठराव झाले. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक दुपदरीकरणाच्या विरोधात रुळांवर जमले. हा मार्ग प्रवाशांसाठी हवा आहे, असे रेल्वेचे म्हणणे होते. तो कोळशासाठी आहे, अशी लोकांची खात्री होती.

या लढ्यांत जे काही हाती लागले ते कोणत्या पायावर लागले, हे बघण्यासारखे आहे. २०१८ च्या आरंभी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका टर्मिनलवर कारवाई केली ती परवानगीपेक्षा जास्त कोळसा हाताळल्यामुळे. म्हणजे दोष सिद्ध झाला तो वजनाच्या वहीवरून. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. तिथे प्रश्न होता भगवान महावीर अभयारण्याचा आणि पश्चिम घाटाच्या जंगलाचा. दोन्ही निर्णय महत्त्वाचे होते. पण एक टनांवर झाला आणि दुसरा जंगलावर. वास्कोच्या घरातली धूळ आणि तिथल्या माणसाची छाती यांच्यावर उभा राहिलेला निर्णय यांत नव्हता.

जुनाच युक्तिवाद, नवा शब्द

हे असे का व्हावे? इथे मोजपट्टीचा प्रश्न येतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत हवेतल्या बारा घटकांना मर्यादा आहेत. धुळीपैकी दोन प्रकार मोजले जातात : १० मायक्रॉनपेक्षा लहान आणि २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण. पहिल्याची २४ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, दुसऱ्याची ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे ४५ आणि १५ आहेत. हे बारीक कण मोजणे योग्यच आहे, कारण फुप्फुसात खोलवर तेच जातात.

पण खिडकीवरच्या फडक्याला लागते ती काजळी बरीचशी याहून जाड असते. जमिनीवर पडणाऱ्या धुळीला या बारा घटकांत जागाच नाही. म्हणून वास्कोतली गृहिणी आणि हवामापक यंत्र दोघेही खरे बोलत असू शकतात आणि तरीही एकमेकांना खोटे पाडू शकतात. ती म्हणते, घर काळे झाले. यंत्र म्हणते, आकडा मर्यादेत आहे. तिला दिसते ते यंत्र मोजत नाही, आणि यंत्र मोजते ते तिला दिसत नाही.

त्यातच पुढचा प्रश्न उभा राहतो. हवेत सापडलेले बारीक कण कोळशाचेच कशावरून? शहरात रस्त्याची धूळ आहे, ट्रकचा धूर आहे, बांधकामे आहेत, जहाजांची धुराडी आहेत. शास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त आहे आणि कणांचे रासायनिक विश्लेषण करून त्याचे उत्तर काढावेच लागते. पण त्याचे काम काय, हे कार्डिफचा इतिहास वाचलेल्याला ओळखू येईल. तिथे म्हणत, ही दगडाची धूळ आहे. इथे म्हणतात, ही रस्त्याची धूळ आहे. दोन्हीकडे उत्तर येईपर्यंत काम चालू राहते आणि तोपर्यंतची धूळ राहणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. कार्डिफमध्ये ट्रिमरांची संघटना स्थापन झाली तेव्हापासून गॉफ यांच्या निबंधापर्यंत ५२ वर्षे गेली.

यंत्रणा मनात आणले तर किती वेगाने हलू शकते याचे उदाहरणही आहे. कोलंबियातल्या सांता मार्ता या किनारी शहराजवळ पूर्वी कोळसा बार्जमधून खोल पाण्यातल्या जहाजापर्यंत नेत आणि यारीने चढवत. जानेवारी २०१३ मध्ये एक बार्ज बुडू लागली तेव्हा तिच्यावरचा कोळसा समुद्रात टाकण्यात आला. त्याची छायाचित्रे बाहेर आली आणि देशभर गदारोळ झाला. कंपनीला दंड झाला. जानेवारी २०१४ पासून बंदिस्त पट्ट्यावरून थेट जहाजात कोळसा भरणे सक्तीचे झाले आणि ज्या कंपनीचा पट्टा तयार नव्हता तिची निर्यात तेवढ्या काळापुरती थांबवण्यात आली. बंदिस्त पट्टा हा काही नवा शोध नव्हता. तिथे एक छायाचित्र पुरावा ठरले, कारण समुद्रात पडणारा कोळसा एका नजरेत दिसला. घरात पडणाऱ्या कोळशाचे असे एक छायाचित्र निघत नाही. तो रोज थोडा थोडा पडतो आणि रोज सकाळी पुसला जातो.

पुसला जातो, हीच यातली अडचण आहे. वास्कोतल्या बायकांनी इतकी वर्षे आपल्या घरातला पुरावा स्वतःच्या हाताने साफ केला आहे, कारण घरात राहायचे तर तो साफ करावाच लागतो. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनच्या शहरांत बसवलेली भांडी आठवावीत. सड्यावरच्या शाळेच्या गच्चीवर, बायण्याच्या अंगणवाडीत, चांदरच्या स्टेशनाजवळ अशी भांडी ठेवायला फार पैसा लागत नाही. महिन्याचा गाळ तोलून त्यात कोळसा किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येते. त्याच भागातल्या आरोग्य केंद्रांत दम्याची आणि खोकल्याची नोंद वॉर्डवार ठेवली, तर दहा वर्षांत ती कोणत्याही युक्तिवादापुढे उभी राहील. आणि ड्राफ्ट सर्व्हेपासून कारखान्याच्या काट्यापर्यंतची घट बंदराने दर महिन्याला जाहीर केली, ओलाव्याचा हिशेब वेगळा दाखवून, तर धक्क्यावरची वही आणि घरातले फडके पहिल्यांदा एकमेकांशेजारी ठेवता येतील.

ट्रिमरांच्या बाबतीत पुरावा मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, शवविच्छेदनाच्या टेबलावर. रुळाकाठच्या आणि धक्क्याकाठच्या माणसांना तितके थांबायला लावायचे नसेल, तर त्यांच्या अंगणात पडणारी धूळ आजपासून तोलायला लागणे हाच उपाय आहे.